तुतीच्या सालीचा कागद: साल कुटायची, कापायची नाही

कोरेगाव तालुक्यात माझा धाकटा भाऊ रेशीम शेती करतो. सात वर्षांपूर्वी पावसाळ्याच्या तोंडाला त्याच्याकडे गेले होते, तेव्हा तुतीची तळछाटणी चालू होती. बांधावर काठ्यांचे ढीग पडले होते आणि भावजय त्यातल्या जाड काठ्या चुलीसाठी बांधत होती. सुतळी संपली तशी तिने हातातल्याच एका हिरव्या फांदीची साल बुडख्यापासून शेंड्यापर्यंत ओढली, तो पट्टा मोळीभोवती फिरवून गाठ मारली आणि मोळी डोक्यावर घेतली. घरी पोचल्यावर तो पट्टा मी मागून घेतला. दोन दिवसांनी सुकल्यावर दोन्ही हातांनी ओढून बघितला, पिळून बघितला, तुटेना. आडवा ताणला तर मात्र त्याची जाळी झाली. आत केसासारखे बारीक, पांढरे धागे, एकमेकांत अडकलेले.

मी वाईत पोथ्या आणि जुन्या वह्या दुरुस्त करते. हे गाव पाठशाळांचं, विश्वकोशाचं, आणि पलीकडे मेणवलीला नाना फडणवीसांचा वाडा, त्यामुळे इथे माळ्यावरच्या पेटीत जुना कागद निघणारी घरं अजून आहेत. या कामात सगळ्यात अडतं ते एका वस्तूसाठी: अगदी पातळ, तरीही चिवट कागद. फाटलेल्या पानाच्या मागून तो लावायचा असतो. जगभर या कामाला जपानी कोझोचा कागद वापरतात आणि कोझो म्हणजे कागदी तुती, आपल्या तुतीच्याच कुळातलं झाड. भावाच्या बांधावर जे जळण म्हणून जात होतं, त्यात माझं सामान होतं.

तेव्हापासून दरवर्षी हा कागद करते. करायचा कसा ते इथे लिहिते आहे. घरच्या घरी, अंगणात किंवा गच्चीवर होण्यासारखं काम आहे. वेळ मात्र भरपूर लागतो.

साल म्हणजे नेमकं काय

फांदी सोलली की तीन थर दिसतात. बाहेरची तपकिरी पापडी, तिच्याखाली हिरवट थर आणि सगळ्यात आत, लाकडाला चिकटून, पांढरी आंतरसाल. कागद या पांढऱ्या सालीचा होतो. झाडाच्या पानांत तयार झालेलं अन्न मुळांकडे याच थरातून उतरतं आणि त्या नळ्यांना आधार म्हणून हे लांब धागे असतात. अंबाडीचा वाख ज्यांनी काढलेला आहे त्यांना हे सांगायला नको, वस्तू तीच.

लाकडाच्या लगद्यातला धागा १ ते ३ मिलिमीटरचा असतो. कोझोचा धागा सेंटीमीटरच्या घरात जातो. वर्तमानपत्र फाडलं तर कड जवळजवळ कापल्यासारखी येते, सालीचा कागद फाडला तर कडेला लव सुटते. पोथीचं पान जोडताना ही लवच कामाची. पुढे जे जे सांगणार आहे, उकडणं, धुणं, कुटणं, ते सगळं या धाग्याची लांबी न मोडता त्याला मोकळं करण्यासाठी आहे.

जिथे जिथे असा कागद झाला तिथे हाच विचार आहे. मेक्सिकोत सान पाब्लितो या डोंगरातल्या गावात ओतोमी लोक आमाते नावाचा कागद करतात, तो उंबराच्या जातीच्या झाडांच्या सालीचा. ॲझ्टेक राजवटीत वर्षाला सुमारे ४ लाख ८० हजार ताव खंडणी म्हणून जात, इतका तो चालायचा. पूजेअर्चेत वापरतात म्हणून स्पॅनिश लोकांनी पुढे तो दाबला, पण डोंगरात तो टिकला. नेपाळात लोकता नावाच्या झुडपाचा कागद करतात आणि आपल्या अरुणाचलात तवांगचे मोनपा लोक त्याच कुळातल्या झाडापासून मोन शुगू करतात. तो बंद पडत आला होता, २०२० च्या डिसेंबरात तवांगमध्ये पुन्हा सुरू झाला. समरकंदला आज हाताने करतात तो कागद तर सरळ तुतीचाच. भूर्जपत्राची गोष्ट वेगळी. तिथे भूर्जाच्या सालीचे पापुद्रे सोडवून थेट त्यांच्यावरच लिहितात, लगदा करत नाहीत.

आपल्याकडे जुन्नरला आणि दौलताबादेजवळच्या कागदीपुऱ्याला हातकागद व्हायचा, तो मुख्यतः चिंध्यांचा. म्हणजे सालीच्या कागदाची आपल्या भागात जुनी परंपरा आहे असं मी म्हणणार नाही. झाड आहे, पाणी आहे, दगड आहे, आणि बाहेरच्या लोकांनी शेकडो वर्षं राखलेली रीत आहे. ती शिकताना रीत कुणाची हे सांगत राहावं, एवढं मी पाळते.

कोणत्या झाडाची घ्यायची, कोणत्याला हात लावायचा नाही

आमाते उंबराच्या कुळातल्या झाडांचा होतो असं ऐकल्यावर पुष्कळ जण विचारतात, मग वडाची साल घेऊ का? पिंपळाची? नाही. उभ्या झाडाच्या खोडाची साल गोल सोलली की मुळांना अन्न पोचत नाही आणि झाड वाळतं. मेक्सिकोतसुद्धा मागणी वाढली तशी जुनी झाडं पुरेनात, आणि आता तिकडे जोनोते नावाच्या झपाट्याने वाढणाऱ्या झाडाची साल जास्त वापरतात. आपण तर वडाला दोरा गुंडाळणारी माणसं.

दुसरं नाव निघतं रामेठ्याचं. कास, महाबळेश्वरकडे डोंगरउतारावर पिवळ्या गेंदांचं झुडूप फुलतं ते. त्याची साल विलक्षण चिवट असते आणि वनस्पतिशास्त्राने ते लोकताच्याच कुळातलं आहे, त्यामुळे मोह होतो. पण रामेठा विषारी आहे, त्याची साल मासे मारायला वापरत आणि ते रानातलं झाड आहे, तोडायचं नाही.

तुती वेगळी. ती छाटण्यासाठीच लावलेली असते. बुडख्यापासून छाटली तरी पुन्हा फुटते आणि वर्षातून चार-पाच वेळा रेशीमवाले तिच्या फांद्या काढतात. तुमच्या ओळखीत कुणी रेशीम शेती करत असेल तर तळछाटणीच्या वेळी सांगून ठेवा. एक सूचना: शेडमध्ये अळ्यांनी पाला खाऊन उरलेल्या काठ्या घेऊ नका. त्यांच्यावर अळ्यांची विष्ठा, चुना आणि निर्जंतुक करायची पावडर असते. शेतातल्या ताज्या काठ्या हव्यात, अंगठ्याएवढ्या जाड, वर्षभराच्या आतल्या, शक्यतो सरळ आणि कमी फुटव्याच्या. प्रत्येक डोळ्यापाशी सालीत भोक पडतं, म्हणून.

तुती मिळालीच नाही तर अंबाडी लावा. तिचा कागद रांगडा होतो, पण हात बसवायला चांगला.

सोलणं आणि खरवडणं

जून-जुलैत झाडात रस असतो. तेव्हा साल उकड न देताही निघते. बुडख्याकडे सुरीने एक चीर द्यायची, नखाने टोक सोडवायचं आणि एकाच दमात शेंड्याकडे ओढायचं. इतर दिवसांत काठ्या हात-दीड हाताच्या तुकड्यांत कापून वाफवाव्या लागतात. मी मोठ्या पातेल्यात चार बोटं पाणी घेते, काठ्या उभ्या लावते आणि वरून पत्र्याचा रिकामा तेलाचा डबा पालथा घालते, फटींना ओलं गोणपाट. दीड-दोन तासांनी बुडख्याकडची साल आक्रसून मागे सरकते, पांढरं लाकूड बोटभर उघडं पडतं. तसं दिसलं की काठ्या बाहेर काढायच्या आणि गरम असतानाच सोलायच्या. रताळी उकडल्यासारखा वास येतो.

निघालेले पट्टे लगेच दोरीवर वाळत घातले तर वर्षभर टिकतात. पावसात मात्र बुरशी धरते, म्हणून आमच्याकडे ते स्वयंपाकघरात चुलीवरच्या दांडीला लटकलेले असतात. मी जूनमध्ये सोलून ठेवते आणि कागद दिवाळीनंतर करते. तेव्हा हवा कोरडी असते आणि पाणी गार असतं.

कागद करायच्या आदल्या दिवशी पट्टे भिजत घालायचे. सकाळी एकेक पट्टा पाटावर पसरून बोथट सुरीने, पाठीच्या बाजूने म्हटलं तरी चालेल, बाहेरची पापडी आणि हिरवा थर खरवडून काढायचा. धार वापरली तर धागे तुटतात. शुभ्र कागद हवा असेल तर हिरवा थर पूर्ण काढा, मला थोडा राहिलेला आवडतो, कागदाला ताकासारखा रंग येतो. १० किलो ओल्या काठ्यांतून मला साधारण अर्धा किलो वाळलेली पांढरी साल मिळते. हे वाचून नाउमेद होऊ नका, अर्धा किलोत वहीच्या आकाराचे शंभरेक पातळ ताव निघतात.

राखेच्या पाण्यात उकडणं

धाग्यांना धरून ठेवणारा डिंकासारखा भाग विरघळवायला अल्कधर्मी पाणी लागतं. ओतोमी लोक मक्यासाठी वापरतात तो चुना वापरत आले, नेपाळात लाकडाची राख. आता दोन्हीकडे कॉस्टिक सोडाही आला आहे. कॉस्टिक घरात आणू नका. ते हात भाजतं आणि धागाही खातं.

मी राख वापरते. २०० ग्रॅम वाळलेल्या सालीला दोन किलो चाळलेली लाकडाची राख, आठ लिटर पाण्यात ढवळून रात्रभर ठेवायची. सकाळी वरची निवळी हळूच ओतून घ्यायची आणि धोतराच्या दुपदरी फडक्यातून गाळायची. कोऱ्या चहासारखा रंग येतो आणि बोटांत धरलं तर बुळबुळीत लागतं. हातमोजे घाला. राख नसेल तर धुण्याचा सोडा, सालीच्या वजनाच्या पाचवा हिस्सा, म्हणजे २०० ग्रॅमला ४० ग्रॅम, तीन-चार लिटर पाण्यात.

भांडं स्टीलचं हवं. ॲल्युमिनियमचं चालत नाही, या पाण्याने ते खाल्लं जातं आणि कागद काळवंडतो. आधी पाणी उकळू द्यायचं, मग भिजलेली साल सोडायची आणि मंद आचेवर दोन-अडीच तास. राखेच्या पाण्याला तीनही लागतात. अर्ध्या-अर्ध्या तासाने वरखाली करायचं.

झालं कसं ओळखायचं? एक पट्टा काढून गार पाण्यात बुडवा आणि आडवा ओढा. कोळ्याच्या जाळ्यासारखा पसरला पाहिजे. उभा ओढल्यावर मऊ लोण्यासारखा तुटला तर जास्त झालं. न पसरता सुटे पट्टे पडले तर अजून वेळ आहे.

मग धुणं. पाणी पूर्ण स्वच्छ येईपर्यंत आणि बोटांचा बुळबुळीतपणा जाईपर्यंत, आठ-दहा पाणी. अल्कली राहिली तर कागद पुढे पिवळा पडतो. हे धुणं कृष्णेच्या घाटावर करू नका. उकडलेलं काळं पाणी नदीत जायला नको. राखेचं पाणी मी भरपूर पातळ करून कंपोस्टच्या खड्ड्यात थोडं थोडं ओतते. सोड्याचं असेल तर झाडांना अजिबात घालायचं नाही, सोडियमने जमीन चोपण होते, आणि चोपण-क्षारपड जमीन म्हणजे काय ते सांगलीकडच्या कृष्णाकाठाला कुणी शिकवायला नको.

धुतलेली साल पांढऱ्या परातीत पाण्यात पसरून काळे ठिपके, डोळ्यांच्या गाठी, सालपटाचे कण वेचायचे. तांदूळ निवडायला बसतो तसं निवांत बसावं. दोन बायका असल्या की हे काम लवकर होतं.

कुटणं

पहिल्या वर्षी मी घाई केली. उकडलेली साल मिक्सरच्या भांड्यात घातली, वाटलं दोन मिनिटांचं काम. धागे पात्याखालच्या दांड्याला सुतासारखे गुंडाळले गेले आणि मोटार गुरगुरून बंद पडली. जेवढा लगदा निघाला त्याचा कागद केला, दिसायला चांगला झाला. तो एका पानाला मागून लावला आणि वाळल्यावर पान वळवून बघितलं तर जोड वळवल्या जागी तुटला. पात्याने सेंटीमीटरचा धागा मिलिमीटरचा केला होता. मग सालीचा कागद केला काय आणि रद्दीचा केला काय, सारखंच. तो कागद मी पाण्याने सोडवून काढला. नशीब, पान वाचलं.

तर साल कुटायची असते. धुणं धुवायच्या दगडासारखा सपाट दगड आणि लाकडी मोगरी. पाणी निथळलेला सालीचा गोळा दगडावर ठेवायचा आणि मोगरी सपाट पडेल अशी मारायची. कडेने मारली तर धागा चिरडतो. गोळा चपाती एवढा पसरला की कडा आत दुमडून पुन्हा गोळा करायचा, पाण्याचा हबका मारायचा आणि पुन्हा सुरू. २०० ग्रॅमला पाऊण ते एक तास. आवाज बदलत जातो. सुरुवातीला ओल्या लाकडावर मारल्यासारखा ठणठणतो, शेवटी मळलेल्या कणकेवर थाप मारल्यासारखा जड येतो.

परीक्षा अशी: काचेच्या बाटलीत पाणी घेऊन चिमूटभर लगदा टाका, झाकण लावून जोरात हलवा आणि खिडकीसमोर धरा. धागे ढगासारखे पसरून तरंगत असले पाहिजेत. दोऱ्यासारखे पुंजके दिसले तर आणखी वीस मिनिटं कुटा.

ताव पाडायच्या दोन रीती

पहिली सान पाब्लितोची, आणि तिला चौकट, जाळी काही लागत नाही. हिला साल पूर्ण कुटायचीही गरज नाही, नुसती उकडून, धुऊन, बोटाएवढ्या रुंद पट्ट्यांत सोडवलेली पुरे. त्यांच्याकडे ठोकायला ज्वालामुखीच्या दगडाचा हातात मावेल असा चपटा तुकडा असतो. आपला काळा दगडही लाव्ह्याचाच. माझ्याकडे आईचा फुटलेला वरवंटा होता, त्याची एक बाजू घासून सपाट केली, तोच गेली सहा वर्षं हातात आहे.

जुना सागवानी पाट ओला करा. त्यावर आधी चारी कडांनी पट्टे मांडा, मग आत उभे आणि आडवे, दोन बोटं अंतर ठेवून, खिडकीच्या गजांसारखे. आता एका कोपऱ्यापासून दगडाने ठोकत जा. जोर नको, लय हवी. ठोकताना पट्टा आडवा पसरतो, त्याचे धागे शेजारच्या चौकोनात शिरतात, पलीकडून दुसऱ्या पट्ट्याचे धागे येऊन त्यांना मिळतात. हे अगदी जवळून बघण्यासारखं आहे. चौकोन चारी बाजूंनी लहान होत जातो, मधे मोहरीएवढं भोक उरतं आणि पुढच्या दोन ठोक्यांत तेही बुजतं. डिंक नाही, खळ नाही, धागाच धाग्याला धरतो. कुठे विरळ राहिलं तर तिथे सालीची एक बट ठेवून ठोकायचं. पाट तसाच उन्हात ठेवायचा, वाळल्यावर कोपरा सोडवून ताव ओढून घ्यायचा. पाटाकडची बाजू गुळगुळीत, वरची खरबरीत. हा कागद जाड होतो. चित्रांना, वहीच्या कव्हरांना आणि दिव्यांना उत्तम.

ओतोमी लोकांत या कागदाच्या आकृत्या कापतात, पिकांच्या बियांच्या, देवतांच्या. त्या त्यांच्या विधीतल्या आहेत आणि त्या कापायचा मान तिथल्या जाणत्यांचा. दिसतात सुंदर, पण शोभेला म्हणून मी त्या कापत नाही, तुम्हीही कापू नका. आपल्याकडे वारलीपासून चौकाच्या रांगोळीपर्यंत काय कमी आहे?

दुसरी रीत पातळ तावांची. फूटभर लांबीची लाकडी चौकट, खाली घट्ट ताणून बसवलेलं मलमल. नेपाळी पद्धतीत ही चौकट पाण्याच्या टबात तरंगती ठेवतात, मोजून लगदा तिच्यात ओततात, हाताने पाण्यातच सारखा पसरतात आणि चौकट अलगद वर उचलतात. ताव चौकटीवरच उन्हात वाळतो. नवख्याने हीच रीत धरावी. एका चौकटीवर दिवसाला दोन-तीनच ताव होतात, पण फुकट जात नाहीत.

जपानी रीत याच्या पुढची. लगदा टबभर पाण्यात सोडतात, जाळीने पुन्हा पुन्हा तो घोळून वर घेतात आणि थरावर थर चढवतात. लांब धागे पाण्यात लगेच गोळा होतात, तळाशी बसतात, म्हणून जपानी लोक पाण्यात एका मुळाचा चिकट रस घालतात. ते झाड भेंडीच्या जातीचं आहे, हे वाचलं तेव्हा मला कराडकडची गुऱ्हाळं आठवली. उसाचा रस काहिलीत उकळताना मळी काढायला भेंडीचे दांडे ठेचून त्यांचा बुळबुळीत रस घालतात, तोच प्रकार. गुळव्या त्याने मळी वर आणतो आणि कागद करणारा धागे तरंगते ठेवतो. मी चार-पाच भेंडीचे दांडे ठेचून दोन लिटर गार पाण्यात रात्रभर ठेवते, फडक्यातून गाळते आणि टबातल्या पाण्यात थोडं थोडं घालते. पाण्यात हात घालून वर काढला की बोटांवरून धार न तुटता ओघळली पाहिजे, एवढंच. तो चिकटवायचा डिंक नव्हे, जाळीतून पाणी सावकाश निथळावं म्हणून घालायचा. आज काढलेला रस उद्या पातळ पडतो आणि उन्हात तर दुपारपर्यंतच. थंडीत हे काम करायचं ते यासाठीही.

जाळीवरचा ताव ओल्या सुती कापडावर पालथा करून उमटवायचा, त्यावर कापड, मग पुढचा ताव. थप्पीवर फळी ठेवून आधी हलकं वजन, तासाभराने वाढवत न्यायचं. एकदम वजन टाकलं तर ताव चेपून पाण्याबरोबर वाहतात. मग एकेक ताव खिडकीच्या काचेवर रुंद मऊ ब्रशने लावायचा. वाळला की त्याचा कोपरा आपोआप सुटतो.

लिहायला हवा असेल तर

नुसत्या कागदावर शाई फुटते. तांदळाची पातळ पेज गाळून ब्रशने दोन्ही बाजूंना लावा, सुकवा आणि मग गुळगुळीत कवडीने किंवा नदीतल्या गोट्याने घोटा. आपल्या जुन्या हातकागदाला घोटाई असायची ती अशीच, बोरूने मोडी लिहिताना टोक अडखळू नये म्हणून. जुन्या पोथ्यांत पिवळा दिसणारा कागद कधी कधी हरताळ लावलेला असतो, कसर लागू नये म्हणून. हरताळात आर्सेनिक असतं. त्याची नक्कल करू नका आणि तशी पिवळी पानं हाताळलीत तर हात धुवा.

आकाशकंदील

पाटावर ठोकलेले चार ताव घ्या. बांबूच्या कामट्यांचा नेहमीचा सांगाडा करा, ताव किंचित ओले करून लावा. वाळताना ते स्वतःच ताणून बसतात, ढोलासारखे. आत एलईडीचा छोटा दिवा लावा, उष्णता कमी असलेलाच. उजेडात सालीचे पट्टे, गाठी, एखादं राहिलेलं हिरवं सालपट, सगळं उमटतं. आमच्या आळीतली पोरं दरवर्षी करायला येतात.

पोथीचं पान जोडणं

माझं मूळ काम हे, म्हणून शेवटी आणि सविस्तर.

आधी सेलोटेप विसरा. माझ्याकडे येणाऱ्या दर दोन-तीन पोथ्यांमागे एकीला ती लावलेली असते. काही वर्षांत तिचा गोंद कागदात मुरतो, तपकिरी डाग पडतो आणि तो निघत नाही.

जोडायला गव्हाचा चीक लागतो. कुरडयांसाठी गहू तीन दिवस भिजवून, वाटून, गाळून खाली बसलेला पांढरा चीक घेतो ना, तोच, मीठ-हिंग घालायच्या आधीचा. वाटीभर चिकाला पाच वाट्या पाणी, मंद आचेवर अर्धा तास सारखं ढवळत शिजवायचं. पारदर्शक झाला की गार करून गाळून घ्यायचा. पुन्हा पाणी लावलं की तो सुटतो, म्हणजे उद्या कुणाला ही दुरुस्ती काढायची झाली तर काढता येते. फेव्हिकॉलचं तसं नाही.

कापसाचा बोळा जेमतेम ओला करून अक्षराच्या एका कोपऱ्याला टेकवून बघा. शाई उतरली तर थांबा, ते पान जाणकाराकडेच न्या. शाई पक्की असेल तर पुढे चला.

पातळ, पेज न लावलेला ताव घ्या. फाटलेल्या रेषेच्या आकाराची पट्टी हवी, पण कात्री लावायची नाही. बारीक ब्रशने तावावर पाण्याची रेघ ओढा आणि ओल्या रेघेवरून दोन्ही हातांनी अलगद ओढून पट्टी वेगळी करा. कडेला दोन-तीन मिलिमीटरची लव सुटेल. कापलेल्या कडेचा काठ वर राहतो आणि पुढे पान नेमकं तिथेच मोडतं, लव मात्र कागदात मिसळून जाते. पट्टीला चिकाचा अगदी पातळ हात द्या, पानाच्या मागच्या बाजूने, अक्षरं कमीत कमी झाकतील अशी ठेवा आणि ब्रशच्या टोकाने लव बाहेरच्या दिशेला पसरवा. वर-खाली पातळ नायलॉनचं कापड, त्यावर टिपकागद, काच आणि काचेवर किलोभर वजन. पंधरा मिनिटांनी टिपकागद बदला, नाहीतर पान वाकडं वाळतं. मग रात्रभर हात लावू नका.

सकाळी डोळे मिटून जोडावरून बोट फिरवा. पट्टी डोळ्यांना दिसली तरी चालेल, बोटाला लागायला नको. लागत असेल तर तेवढा भाग ओला करून पट्टी काढा आणि नवी लावा. बरोबर बसलं असेल तर पान आपल्या क्रमाने पोथीत घाला, आणि रुमालात बांधताना गाठ फार आवळू नका.